लाल फियाट, हिरवी एमजी आणि रूपसिंगची काळी-पिवळी

रूपसिंग राठोड साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. रूपसिंगनं तोच धंदा पुढं चालवला, फक्त बैलांच्या जागी काळी-पिवळी जीप आली आणि मिठाच्या जागी माणसं. जीप साखऱ्याहून सेनगावला जायची, बाजाराच्या दिवशी थेट हिंगोलीला. सरकारी कागदावर तिच्यात नऊ माणसं बसत. रूपसिंगच्या मते तिच्यात नेहमीच आणखी दोघं मावत. मागं माणसं, टपावर माणसं, पायरीवर लोंबकळणारी माणसं. पुढच्या बाकावर तर एवढी दाटी की रूपसिंगच्या उजव्या हातालाही एक उतारू असायचा. त्यामुळं ड्रायव्हर मधोमध बसून तिरक्या अंगानं स्टिअरिंग फिरवायचा, आणि गिअर टाकायची वेळ आली की शेजाऱ्याला म्हणायचा, "काका, पाय." काका पाय उचलायचे, गिअर पडायचा, काका पाय खाली ठेवायचे.

हे काका म्हणजे साखऱ्याचे अमृतराव. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, चांगली तीन बैलजोड्यांची शेती. रोज सकाळी परीटघडीचे कपडे घालून ते सेनगावला जात आणि दुपारी परत येत. त्यांचं सेनगावात काम काय होतं, हे साखऱ्यात कुणालाच माहीत नव्हतं. बहुतेक त्यांनाही नसावं. पण पुढच्या बाकावरची त्यांची जागा ठरलेली होती आणि ती कुणी घेतली की जीप हलत नसे.

पंच्याण्णव साल असेल. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. तिथल्या एका टायरवाल्यानं रूपसिंगला एक कॅलेंडर दिलं. त्याच्यावर देवाचा फोटो नव्हता, दोन मोटारी होत्या. दोन्ही जुन्या घडणीच्या, दोन्ही बिनटपाच्या, दोघंच बसतील एवढ्या. एक लालभडक, एक गर्द हिरवी. रूपसिंगनं तारखा कापून टाकल्या आणि दोन्ही चित्रं जीपमध्ये काचेच्या वर चिकटवली. लाल आपल्या डोळ्यासमोर, हिरवी डावीकडं, अमृतरावांच्या पुढ्यात.

चित्राखाली इंग्रजीत बारीक अक्षरं होती. साखऱ्याच्या शाळेतले मास्तर एक दिवस जीपमध्ये बसले तेव्हा त्यांना वाचायला लावली. मास्तरांनी मान वर करून सांगितलं, लाल गाडी इटलीची, फियाट, तिला पाच गिअर. हिरवी इंग्लंडची, एमजी, तिची चाकं तारांची.

"पाच गिअर!" रूपसिंग म्हणाला. त्याच्या जीपला चार होते आणि चौथा सेनगाव रस्त्यावर वर्षातून एखाद्या वेळी पडायचा.

"फियाट तर मामलेदाराकडं होती," अमृतराव म्हणाले. "मागच्या सीटवर त्याची सासू बसायची. ती काय पळायची गाडी व्हय? आता ही बघ, एमजी. एमजी म्हणजे महात्मा गांधी. नावातच सगळं आलं."

"इंग्रजानं गाडीला गांधीचं नाव काहून द्यावं, काका?"

"पश्चात्ताप झाला असंल."

भांडणाची सुरुवात ही अशी झाली. अमृतरावांचं म्हणणं सरळ होतं: हिंगोलीला एके काळी इंग्रज साहेबांची छावणी होती, म्हणजे इंग्रज हा आपलं पाणी प्यालेला माणूस. इटलीचा कुणी हिंगोलीला येऊन राहिल्याचं ऐकिवात आहे का? रूपसिंगचं म्हणणं वेगळं होतं. त्याचा आजा सांगायचा, बैलांच्या तांड्यात सगळ्यांत पुढं एक बैल असायचा. लाल झूल, कवड्या, आरशाचे तुकडे, शिंगांना गोंडे. तो चालला की मागचे चालत. "ही लाल गाडी म्हणजे तोच बैल हाये," रूपसिंग म्हणायचा. "हिरवी त्याच्या मागं चालती."

पुढं पुढं उतारूही वाटले गेले. गाडीत चढताना माणूस आधी विचारायचा, "लाल का हिरवी?" आणि मग आपल्या पक्षाच्या माणसाशेजारी दाटून बसायचा. एकदा अमृतरावांच्या बारीक नजरेला दिसलं की लाल गाडीचं स्टिअरिंग डावीकडं आहे. त्यांना आनंदाचं भरतं आलं.

"फोटो उलटा छापलाय! ज्याला धड फोटो छापता येत न्हाई, तो गाडी काय करणार?"

"उलटा असता तर नंबरपट्टीवरची अक्षरं उलटी दिसली असती."

अमृतरावांनी बराच वेळ अक्षरांकडं पाहिलं. "इटलीची अक्षरं अशीच असतात," ते म्हणाले.

रूपसिंगच्या बायकोनं, मिराबाईनं, हे सगळं घरी बसून ऐकलं होतं. एकदा माहेरी जायला ती जीपमध्ये बसली, चित्रांकडं एकवार नजर टाकली आणि म्हणाली, "दोन माणसं बसायच्या गाडीवरून एवढं भांडण. सासूला कुठं बसवायचं? शेळी कुठं बांधायची?"

अशी सात-आठ वर्षं गेली. हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला, चित्रांचे रंग उडाले, लाल गाडी गुलाबीकडं झुकली आणि हिरवी निळसर झाली, पण पक्ष तसेच राहिले.

मग एका हिवाळ्यात ते घडलं. सोयाबीन निघून गेलं होतं, तुरी उभ्या होत्या. साखरा आणि सेनगावच्या मधल्या नाल्यावर पुलाचं काम काढलं होतं, आणि ते निम्म्यावर सोडून माणसं निघून गेली होती. गाड्या नाल्यातून, दगडधोंड्यांतून जात. मधोमध आडवा चर पडलेला होता. जीप त्यात आपटून उडी मारून निघायची, उतारू एकमेकांच्या मांडीवर जाऊन परत यायचे. एसटी तर पहिल्यापासून नाल्यापाशी येऊन सेनगावला माघारी वळायची.

त्या सकाळी रूपसिंग जीप भरून नाल्याशी आला आणि त्यानं करकचून ब्रेक लावला. पलीकडच्या काठावर दोन गाड्या उभ्या होत्या. एक लाल. एक हिरवी.

रूपसिंगनं काचेवरच्या चित्राकडं पाहिलं, समोर पाहिलं, परत चित्राकडं पाहिलं.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमाला बी दिसून राहिल्या का?"

"दिसून राहिल्या," अमृतराव म्हणाले आणि त्यांनी टोपी सरळ केली.

गाड्यांपाशी साठीच्या घरातले दोघे गृहस्थ तावातावानं बोलत होते. एक उंच, एक गोल. दोघे हैदराबादचे, एकमेकांचे साडू. आपापली गाडी घेऊन लोणारचं सरोवर बघायला निघाले होते.

"मैं बोला था ना, हायवे नक्को छोडो बोलके!" उंच साहेब म्हणत होते. हिरवी गाडी त्यांची.

"हौ, नक्शा तो तुमीच देखे!" गोल साहेब म्हणाले. लाल गाडी त्यांची. "इटालियन गाडी कू ऐसे रस्ते पे लाना, गुनाह है मियाँ."

"तो अंग्रेज की गाडी क्या तालाब में चलती?"

रूपसिंगला गहिवरून आलं. हैदराबादेतही हेच चाललं होतं.

अडचण साधी होती. दोन्ही गाड्यांची पोटं जमिनीला टेकलेली. चरात चाक गेलं असतं तर पोट दगडावर बसलं असतं. रूपसिंगनं चर पाहिला, गाड्या पाहिल्या, मग मागं वळून आपल्या उतारूंकडं पाहिलं. तेवढी माणसं दुसऱ्या कुठल्या जीपमध्ये मिळाली नसती.

"उचलू," तो म्हणाला. "आधी पुढची बाजू, मग मागची."

हिरवी पुढं होती, तिचा पहिला नंबर. पण लाल पक्षाचे लोक हाताची घडी घालून उभे राहिले. हिरवीला हिरव्यांनी उचलावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. हिरव्या पक्षात त्या दिवशी पाच-सहा माणसं होती. त्यातल्या पारुबाईच्या हातात कोंबड्यांची पाटी होती आणि अमृतराव फक्त सूचना देत होते. "धरा! हां! जोर लावा!" गाडी हलली नाही. गोल साहेबांना मात्र फार बरं वाटलं.

शेवटी समझोता झाला. दोन्ही पक्षांनी दोन्ही गाड्या उचलायच्या.

"बंपर कू नक्को पकडो!" उंच साहेब कळवळून ओरडले. लोकांनी चाकांच्या वर, पोटाखाली, जिथं जमेल तिथं हात घातले. रूपसिंगही वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात हिरवीला लागला. एका दमात गाडी उचलली आणि अलीकडं आली.

"लई जड हाये बुवा," रूपसिंग कंबर धरत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मग लाल. तिला उचलताना त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, डोळे बाहेर आले. "फूल हाये, फूल," तो दात आवळून म्हणाला. अमृतराव त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन त्या शिरांकडं निरखून पाहत होते.

"तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं धरून राहिले मेले," पारुबाई म्हणाली.

दोन्ही गाड्या अलीकडं आल्यावर साहेब लोकांनी सगळ्यांना हात जोडले. उंच साहेब रूपसिंगला म्हणाले, "आओ ड्रायव्हर साब, आपकू एक चक्कर दिलाता." आणि गोल साहेबांनी लाल गाडीचं दार उघडून अमृतरावांना अदबीनं म्हटलं, "तशरीफ रखिये, पाटील साब."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. उलटं झालं होतं. पण पाहुण्याला कसं सांगणार? अमृतराव जड पावलांनी लालकडं गेले, रूपसिंग हिरवीत बसला. जीपचे उतारू नाल्यात तसेच राहिले.

रूपसिंग बसला म्हणजे, पडला. एवढ्या खाली सीट असते हे त्याला कुठं माहीत? आतापर्यंत त्यानं रस्ता नेहमी वरून पाहिला होता, आता रस्ता त्याच्या कोपराशी होता. त्याहून नवल म्हणजे तो डावीकडं बसला होता आणि त्याच्यापुढं स्टिअरिंग नव्हतं. वळण आलं की त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. खड्डा दिसला की हात गिअर शोधायचा आणि उंच साहेबांच्या गुडघ्याला लागायचा. सवयीनं तो अंग चोरून बसला होता, शेजारी कुणाला तरी जागा लागेल म्हणून.

"आराम से बैठो," साहेब हसून म्हणाले. "दूसरा कोई नै आता."

रूपसिंग हळूहळू मागं टेकला. पुढ्यात घड्याळासारख्या तबकड्या होत्या आणि सगळ्यांचे काटे हलत होते. त्याच्या जीपमधले काटे त्यानं ती घेतली तेव्हापासून झोपलेले. इंजिन ताक घुसळल्यासारखं एकसुरात घुमत होतं. वारा तोंडावर येत होता, दोन्ही बाजूंनी तुरी मागं पळत होत्या, आणि मागून कुणी "थांब रे, पिशवी पडली" असं ओरडत नव्हतं. गाडी चालवण्याची जबाबदारी नसताना गाडीत बसायला इतकं बरं वाटतं, हे त्याला चाळिशीत कळलं.

मागच्या गाडीत वेगळंच चाललं होतं. फोटो उलटा नव्हता. इटलीच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं होतं, तिथं गोल साहेब बसले होते, आणि अमृतराव उजवीकडं. म्हणजे आपल्याकडं जिथं ड्रायव्हर बसतो तिथं. साखऱ्याचा फाटा आला. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी दहा-वीस माणसं होती. त्यांनी पाहिलं, लाल मोटार धुरळा उडवत येतेय आणि ड्रायव्हरच्या जागी अमृतराव! ज्यांनी जन्मात सायकलला टांग मारली नव्हती, ते अमृतराव. आणि ओळखीची माणसं दिसताच अमृतरावांनी रीतीप्रमाणं दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"काकानं हात सोडले!" टपरीवाला किंचाळला. निम्मे लोक तुरीत घुसले. एकाची बैलं दावं तोडून पळाली. गाडी मात्र अलगद वळून फाट्यावर थांबली.

साहेब लोकांनी चहा घेतला, टपरीवाल्याकडं बघून भलेपणानं हसले, परवा ह्याच रस्त्यानं परत येऊ म्हणाले आणि लोणारच्या दिशेनं निघून गेले. रूपसिंग आणि अमृतराव फाट्यावर राहिले, जीप नाल्यात. दोघे पायी निघाले.



"पाच गिअर हायेत, रूपसिंगा," चालता चालता अमृतराव म्हणाले. "पाचवा पडला की गाडी बोलायचीच बंद होती. नुसती वाहती."

"खरं हाये काका. पण पाचवा गिअर घेऊन ह्या रस्त्यावर करायचं काय? त्यापरीस त्या हिरवीचे काटे बघा. सगळे हलतात."

"काटे काय चाटायचे? बैठक बघ लालची. राजाची बैठक."

"बैठकीचं काय सांगता, तारांची चाकं बघितली का?"

दोघेही एकदम थांबले. आपण काय बोलतोय ते दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. पण आता माघार कोण घेणार? नाल्याशी पोहोचेपर्यंत रूपसिंग पुरता हिरवा आणि अमृतराव पुरते लाल झाले होते. तिथं ताटकळलेल्या उतारूंचा मोठा घोटाळा झाला. आपला पुढारी पलीकडं गेला, आता आपण कुणीकडं? पारुबाई म्हणाली, "मी कोंबड्याकडं," आणि जीपमध्ये जाऊन बसली.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. परवा साहेब परत येणार, तेव्हा चरात गाड्या उचलायची पाळी येता कामा नये. दुसऱ्या दिवशी अमृतरावांनी बैलगाड्या लावल्या, तांड्यावरची माणसं फावडी घेऊन आली, दोन्ही पक्षांनी मुरूम टाकला, दगड बसवले, पाणी मारून चोपलं. मिराबाई डोक्यावर हंडा घेऊन तिथून निघाली होती. ती थांबली आणि बघत राहिली.

"दोन पावसाळे आमी डोक्यावर हंडे घेऊन ह्या चरातून चाललो," ती म्हणाली. "माझा पाय मुरगळला, तुमच्या पारुबाईचा दात पडला. तवा कुणाचा हात हलला न्हाई. आता दोन हैदराबादी म्हातारे येणार तर बघा, कसा गालिचा घालून राहिले."

रूपसिंगनं मुरूम इतकं मन लावून चोपला की तेवढी जागा अजून खचलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून लोक झेंडूचे दोन हार घेऊन नाल्यावर उभे. अमृतरावांनी भाषण तयार करून आणलं होतं. ऊन वर आलं, हार सुकायला लागले. दुपारी लोणारकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, तसल्या दोन गाड्या त्यानं सकाळीच जिंतूरच्या रस्त्याला पाहिल्या. साहेब दुसऱ्या वाटेनं गेले होते.

लोक हिरमुसून निघणार, तेवढ्यात सेनगावहून एसटी आली. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी वळवायला घेतली, चराकडं पाहिलं, डोळे चोळले, आणि सरळ नाल्यातून पार करून अलीकडं आणली. हार हातातच होते. एक ड्रायव्हरच्या गळ्यात पडला, एक कंडक्टरच्या. अमृतरावांनी भाषणही वाया जाऊ दिलं नाही. "इतक्या लांबून, इतक्या जुन्या आणि इतक्या सुंदर गाडीतून आपण आलात," असं त्यांनी सुरू केलं. कंडक्टर घाबरून खडखडणाऱ्या एसटीकडं पाहू लागला.

त्याचा परिणाम पुढच्या आठवड्यात दिसला. एसटी आता रोज साखऱ्यापर्यंत येऊ लागली, आणि बसायला सीटही द्यायची. रूपसिंगच्या जीपमध्ये पहिल्यांदाच नऊच माणसं बसली. मग सात. मिराबाई दोन दिवस हसत होती. "अजून एखादा चर बुजवा," ती म्हणायची, "म्हंजे विमान येईल."

अमृतराव मात्र एसटीत बसले नाहीत. एकदा बसून आले आणि म्हणाले, "तिथं कुणी वाद घालत न्हाई. नुसते झोपतात."

दोन-तीन वर्षं अशीच रेटल्यावर रूपसिंगनं जीप काढून टाकली आणि हिंगोलीच्या बाजारात हळद नेण्यासाठी टेम्पो घ्यायचं ठरवलं. रंग कोणता घ्यावा, यावर अमृतरावांनी त्याच्या अंगणात येऊन तासभर डोकं खाल्लं. रूपसिंग हिरव्यावर अडला होता, ते लालवर. मिराबाई भाकऱ्या थापत होती.

"पांढरा घ्या," ती आतून म्हणाली. "न्हाई तर दोघंबी माझ्या अंगणातून उठा."

टेम्पो पांढरा आला. रूपसिंगनं त्याच्यावर झेंडूची माळ बांधली, नारळ फोडला आणि तांड्यावरच्या सगळ्यांना गूळ वाटला. हळदीचा पहिला हंगाम संपेपर्यंत तो चाकापासून टपापर्यंत पिवळाधमक झाला होता, आणि कितीही धुतला तरी तसाच राहिला.